आधार सुरतेला गेला नव्हता

प्रति,
मा. तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, बोदवड,
जि. जळगाव.

अर्जदार : श्रीमती द्रौपदाबाई सुकदेव सुरवाडे, वय ७०, आधी शेतमजुरी, आता घरी बसून, रा. मौजे पळसखोरी, ता. बोदवड.

विषय : पळसखोरी येथील थोरली विहीर बुजवण्याआधी तिचा गाळ हाताने काढून मिळणेबाबत, तसेच मी १९७५ साली दिलेला खोटा जबाब रद्द करून खरा लिहून घेणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामपंचायतीचा विहीर बुजवण्याचा ठराव, काम सुरू होण्याची तारीख सोमवार, ८ डिसेंबर २०२५.
२) माझा जबाब, दि. २१ एप्रिल १९७५.
३) धुळ्याच्या कॉलेजचा प्रकल्प अहवाल, पान ३१.

महोदय, (आपण बाई असाल तर महोदया, मी कचेरीत आले त्या दिवशी आपली खुर्ची मोकळी होती आणि शिपायाला विचारायची लाज वाटली,)

१. वरील विषयास अनुसरून सविनय कळवते, की माझा दीर आधार तोताराम सुरवाडे हा सरकारी कागदात पन्नास वर्षं झाली सुरतेला आहे. प्रत्यक्षात तो आमच्या गावच्या थोरल्या विहिरीत आहे. विहिरीत मुरूम पडायला आजपासून चौदा दिवस उरले. त्याआधी त्याला वर काढायचं, एवढंच माझं म्हणणं. पुढचं सगळं लिहिलं आहे ते हे म्हणणं आपल्याला पटावं म्हणून. लांबलं तर माफ करा. मला थोडक्यात सांगता येत नाही, हे अख्खं पळसखोरी सांगेल.

२. पळसखोरी आणखी एक सांगेल, म्हणून ते मीच आधी सांगून टाकते. मी थापा मारते. वाघ माझ्या चुलीवर बिडी पेटवायला आला होता. आमच्या बांधावर केळीचा असा घड लागला की तो तोलायला ट्रकचा काटा लागला. बोदवड स्टेशनात माझ्या हाकेने इंजिन थांबलं आणि ड्रायव्हर उतरून माझ्या हातची भाकर खाऊन गेला. या तिन्ही गोष्टी माझ्या असून त्यांचा या अर्जाशी संबंध धरू नये. इंजिन थांबलं होतं हे खरं, पण ते सिग्नलला.

थोरल्या विहिरीत सात आसरा राहतात, भर दुपारी काठावर केस विंचरतात आणि वाकून पाहील त्याला नावाने हाक मारतात, ही गोष्टसुद्धा माझीच. आमच्या धम्मात भूतखेत बसत नाही, तरी मी ती रचली आणि गावभर पेरली. दोन पिढ्या त्या विहिरीकडे फिरकल्या नाहीत. तिथे कोणी कचरा टाकू नये, मेलेलं कुत्रं टाकू नये, एवढ्यासाठी ती होती. खाली माणूस आहे हे सांगता येत नव्हतं, म्हणून आसरा आहेत असं सांगितलं.

३. माझी नात स्नेहल धुळ्याला समाजकार्य शिकते. त्यांना या वर्षी विषय आहे संक्रमणकालीन न्याय आणि शांतता-बांधणी. हे शब्द माझ्या कवळीत बसत नाहीत. तिने मला सोप्यात सांगितलं ते असं, की जिथे माणसांनी माणसांचं वाईट केलं आणि पुढेही त्यांना एकाच गावात राहायचं आहे, तिथे आधी काय घडलं ते खरं सांगायचं. मग ज्याचं गेलं त्याला काय देता येतं ते पाहायचं. मग दोन्हीकडच्यांनी मिळून एखादं काम करायचं. आणि हे वर्गात बसून येत नाही, गावात उतरून हाताने करावं लागतं. त्यांचे प्रशील सर नऊ पोरापोरींना घेऊन आमच्याच गावी आले, कारण पंचाहत्तर साली आमच्या वस्तीवर अडीच महिने बहिष्कार होता हे कुठेतरी छापलेलं आहे.

पोरं चांगली होती. शाळेच्या पटांगणात त्यांनी रांगोळीने आख्खं गाव काढलं आणि म्हणाली, ज्याला जिथलं काही आठवतं त्याने तिथे दगड ठेवा, बोललं नाही तरी चालेल. लोकांनी चावडीवर ठेवले, दुकानावर ठेवले, शेतातल्या वाटेवर ठेवले. थोरल्या विहिरीवर कोणी ठेवेना. मग झुलाल उठला. झुलाल देवचंद पाटील, वरच्या आळीचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दोन्ही गुडघे गेलेले. काठी टेकत आला, विहिरीवर दगड ठेवला आणि घरी निघून गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला दगड मात्र हातातच राहिला. त्या माणसाने पन्नास वर्षांत माझ्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी स्नेहलला म्हटलं, वही काढ, सांगते. आणि आयुष्यात पहिल्यांदा मीठमसाला न लावता सांगितलं. तेच खाली देते.

४. आधार विहिरींचा गाळ काढायचा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पाच गावं त्याला बोलावत. त्याच्याइतकं खोल कोणी उतरत नसे. आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. कंदील विझला तर खाली हवा खराब, त्या दिवशी उतरायचं नाही. कंदील राहिला तर कमरेला दोर बांधून उतरायचं, तळाशी दोर सोडून मोकळं व्हायचं, आणि टोपलं टोपलं गाळ वर पाठवायचा. आमच्या गावची प्रत्येक विहीर त्याच्या पायाखालून गेली होती. पण गाळ निघाला, पाणी निवळलं, की त्याच विहिरीला त्याने हात लावायचा नाही. आम्ही बायांनी घागरी घेऊन लांब बसायचं. कोणाला दया आली तर वरून ओतणार.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत तो चावडीत उभा राहून म्हणाला, “या साली थोरलीचा गाळ मी काढतो, पण मग आमच्या बाया तिच्यावर पाणी भरतील. मी आत उतरून ती बाटत नाही, तर बाया काठावरून कशा बाटवतील?” हा प्रश्न कोणाला आवडला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला काम बंद, शेतातली वाट बंद, दुकान बंद. गावात दुकान एकच, अभयकुमार शेठचं. त्यांनी आम्हाला पाहिलं की तराजू उचलून आत ठेवायचा. बाहेर ठेवला तर त्यांचं दुकान राहणार नव्हतं.

अठरा एप्रिलला वरच्या आळीतून निरोप आला, झालं गेलं विसरा, गाळ काढ आणि पाणी भरा. आधार हसतच निघाला. मी त्याची भाकर घेऊन मागून गेले. कंदील राहिला. तो उतरला. वर दोरावर चार जण, सगळ्यात पुढे झुलाल. पन्नासेक टोपली गाळ वर आला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा झुलालने दोर वर ओढून घेतला आणि वाकून म्हणाला, “आधार, आता माफी माग. चावडीत बोललो ते चुकलो म्हण, मग सोडतो दोर.”

आधारला ती मस्करी वाटली. “झुलालभो, भूक लागू राह्यली ना भो, सोड दोर,” म्हणाला. मग त्याला समजलं. तेव्हा म्हणाला, “मी नाही म्हणत, जाय.”

मी लिंबाखाली भाकर घेऊन उभी होते. मी ओरडले, “भाऊजी, म्हणून टाका ना हो, काय जातं!” खालून आवाज आला, “वैनी, तुम्हीबी?”

त्याने माफी मागितली नाही. झुलाल दोर मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याला मारायचं नव्हतं, हे मी शपथेवर लिहून देते. त्याला फक्त आधारची मान खाली पाहायची होती. चारच्या सुमारास विहिरीची पूर्वेची बाजू ढासळली. दगड, माती, बठ्ठं, म्हणजे सगळं, खाली. फार मोठा आवाज झाला नाही. धूळ मात्र लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेली. ती खाली बसली तेव्हा झुलाल तसाच बसलेला होता आणि दोर त्याच्या मांडीवर होता. आमच्या वस्तीतले पुरुष घमेली घेऊन धावले, तर वाटेवर गाव काठ्या घेऊन उभं.

५. त्याच संध्याकाळी अटी ठरल्या. आधार गाव सोडून गेला असं आम्ही सांगायचं, आणि दुकान उघडणार. नाही तर काय होणार, ते वाटेवरच्या काठ्यांनी सांगितलेलं होतं. माझा नवरा वरणगावला कामावर होता. सासऱ्यांनी मला पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, “द्रौपदे, तुले गोष्टी बऱ्या रचता येतात. रच.” मी वीस वर्षांची होते, पोटात स्नेहलचा बाप होता.

आधार दिसत नाही हे कानावर गेलं म्हणून तीन दिवसांनी पोलीस जमादार आले. मी त्यांना सांगितलं, की अठरा तारखेला सकाळी मी बोदवड स्टेशनवर होते, आधार भुसावळकडच्या गाडीत चढला, सुरतेला गिरणीत जातो म्हणाला, खांद्यावर निळ्या पट्ट्यांची पिशवी होती, दोन केळी घेतली, एक मला दिलं, मी साल रुळावर टाकलं तर मास्तर ओरडला. जमादार लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, “बाई, इतक्या बारकाईनं कोणी सांगत नाही.” माझ्या थापेचं सरकारदरबारी झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. मी ज्वारी आणि मीठ आणलं. आम्ही ते खाल्लं.

६. माझी सासू मंजुळाबाई त्या दिवशी परगावी होती, आणि तिला कोणी खरं सांगितलं नाही. तिचा तो धाकटा. ती रोज पोस्टमनच्या वाटेवर बसायची आणि मला विचारायची, “पत्र आलं काय व?” सहा महिने मी ऐकलं. मग मी पत्र आणलं. मी चौथी शिकलेली, तेवढं पुरलं. पण शिक्का सुरतेचा हवा, नाही तर पोस्टमनच बोलला असता. अभयकुमार शेठ कापडाच्या खरेदीला सुरतेला जायचे. मी घाबरत घाबरत त्यांच्यापुढे कार्ड ठेवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कार्ड खिशात टाकलं. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच विचारलं, “द्रौपदा, सुरतेला निघालो आहे. आधारचं काही आहे का?”

नऊ वर्षांत अशी अकरा पत्रं आली. पहिल्यात आधार गिरणीत लागला. तिसऱ्यात त्याने रूपा नावाच्या पोरीशी लग्न केलं. पाचव्यात पुनम झाली, आठव्यात शिल्पा. शिल्पाला गोवर निघाला असं मी उगाच रंगात येऊन लिहिलं, तर म्हातारी तीन दिवस जेवली नाही, म्हणून नवव्यात तिला घाईने बरी करावी लागली. एका खेपेला आईसाठी साडीसुद्धा आली. चौऱ्याऐंशी साली म्हातारी गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, “पुनमले शाळेत घाला म्हणा त्याले.” सगळी पत्रं तिच्या उशाशी होती. ती मी पेटीत ठेवून दिली. हीच माझी मोठी चूक.

७. कारण प्रकल्पासाठी जुने कागद गोळा करताना स्नेहलने पेटी उघडली आणि ती पत्रं आनंदाने सरांना नेऊन दिली. तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं ते त्यानंतर आठ दिवसांनी. दुसऱ्या पोरांनी माहितीच्या अधिकारात पंचाहत्तरचा जबाब मिळवला. प्रशील सर माझ्याकडे आले, बसले, चहा घेतला, आणि फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले, “आजी, एका साक्षीला दोन स्वतंत्र पुरावे लागतात. तुमच्या साक्षीच्या विरुद्ध दोन आहेत.” मी म्हटलं, “सर, ते दोन्ही मीच आहे.” ते म्हणाले, “हेही तुमचंच म्हणणं आहे ना, आजी.”

सरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. अहवालात पान ३१ वर छापून आलं, की सदर व्यक्ती स्वेच्छेने स्थलांतरित झाली, पत्रव्यवहारात विवाह व दोन अपत्ये यांचा उल्लेख आहे, आणि निवेदक काल्पनिक कथांसाठी गावात परिचित असल्याने मौखिक निवेदन ग्राह्य धरलेलं नाही. समारोपाला दोन्ही आळ्या एकत्र बसल्या. आधार खुशाल आहे हे ऐकून लोकांचा जीव एवढा हलका झाला की काही जण रडले. आमच्या वस्तीतलेही रडले. ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे तोवर गेलेले, एक झुलाल सोडून, आणि तो आला नव्हता. मग मिळून काम काय करायचं, तर ठरलं की ती पडकी विहीर बुजवायची आणि तिच्यावर ‘समेट उद्यान’ करायचं. दोन बाक, तिरंगी कमान, आणि लहान मुलांसाठी घसरगुंडी. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव पास झाला.

महोदय, माझ्या सत्तर वर्षांच्या थापांमध्ये इतकी मोठी एकही नाही.

८. आता जे लिहिते ते शासकीय नाही, पण लपवलं तर हासुद्धा अर्धवट जबाब होईल. आधार बोलतो. अंधारात वगैरे नाही. भांडी घासताना, एसटीत, एकदा रेशनच्या रांगेत. दोर मागत नाही, पाणी मागत नाही. “वैनी, पुनम कितवीत गेली?” असं विचारतो. ती पत्रं मी थोरल्या विहिरीच्या काठावर बसून लिहायचे, कारण आसरांच्या भीतीने तिथे कोणी येत नसे, आणि लिहिताना मोठ्याने म्हणायची मला सवय. ते सगळं त्याने खालून ऐकलं आणि खरं धरलं. गावात माझी थाप कोणी खरी धरत नाही. याने धरली.

मग मी उत्तरं देत गेले. न देऊन काय करू? पुनम दहावी झाली. पुनमचं लग्न झालं, मांडवात पाऊस आला. शिल्पा नर्सचं शिकली. “रूपा आता मले ओळखीन काय?” असं त्याने एकदा विचारलं, तेव्हा मी हातातली परात ठेवून बाहेर जाऊन बसले. बोदवडच्या डॉक्टरांना वाटलं कान वाजतात. त्यांनी पिचकारी मारली. मळ निघाला, आधार निघाला नाही.

ठराव झाल्यापासून त्याने सुरतेचं विचारणं बंद केलं आहे. मुरमाची पहिली ट्रॅक्टर-ट्रॉली परवा विहिरीपाशी येऊन पडली, तेव्हापासून एकच म्हणतो. “वैनी, वर काय करू राह्यले?” याचं उत्तर मला रचता येत नाही.

९. दुसरा पुरावा हवा, म्हणून मी आणि स्नेहल जळगावला गेलो. अभयकुमार शेठ वारले, पण त्यांच्या पत्नी चंदनबाई मेहरूणला नातवाकडे असतात. त्या त्र्याऐंशीच्या आहेत, जिभेला धार तशीच. मला पाहून म्हणाल्या, “ये ग, सुरतेची पोस्टमास्तरीण!” स्नेहलने हळूच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? त्या म्हणाल्या, “मला? अग, तुझ्या आजीच्या सासूला आधारने पाठवली ती साडी मी दुकानातून निवडली. हिने सांगितलं होतं लाल, मी म्हटलं म्हातारीला लाल काय शोभते, मी हिरवी काढली. मेलेल्या माणसाला रंगाचं काय कळतं म्हणून भांडलो आम्ही दोघी.”

मग त्या म्हणाल्या, की शेठ प्रत्येक पत्र टाकून आले की त्या दिवशी उपास करायचे. धर्माचा उपास नसायचा. विचारलं तर म्हणायचे, तराजू आत ठेवला त्याचा.

त्यांचा नातू रोनक म्हणाला, दादीला यात ओढू नका, पन्नास वर्षांनी दुकानाचं नाव कशाला. त्यावर चंदनबाई त्याला म्हणाल्या, “पेन दे.” त्यांनी आपल्या हाताने लिहून सही करून दिलं आहे. सोबत जोडलं आहे. म्हणजे आता माझ्या बाजूने एक स्वतंत्र पुरावा झाला. दुसरा विहिरीत आहे.

१०. तरी आपणास विनंती अशी.

विहिरीत मुरूम टाकण्याचं काम गाळ निघेपर्यंत थांबवावं. गाळ यारी मशीनने उपसू नये, हाताने टोपलं टोपलं काढावा, कारण यंत्राला हाड आणि दगड यातला फरक कळत नाही. आमची निम्मी वस्ती सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाते, ती मंडळी परतेपर्यंत सोमवार उजाडेल, म्हणून ती निघण्याआधीचा दिवस द्यावा.

माझा २१ एप्रिल १९७५ चा जबाब रद्द करावा. मला शिक्षा होईल का असं स्नेहलने वकिलाला विचारलं. मी स्वतः हिशेब लावला आहे तो असा : गाळात काही निघालं नाही तर मी आज खोटं बोलले, आणि निघालं तर मी तेव्हा खोटं बोलले. दोन्ही बाजूंनी आरोपी मीच, तेव्हा कार्यालयाला यात कसलाही धोका नाही. निःशंकपणे कारवाई करावी.

आणि मृत्यूच्या नोंदीत वारस म्हणून रूपा, पुनम, शिल्पा ही नावं अहवालातून उचलून कोणी लिहू नयेत. त्या तिघी नाहीत. आधारला वर काढायचं तर त्यांना मोडावं लागेल, हे मला रोज कळतंय. चाळीस वर्षं सांभाळलेल्या पोरी आहेत. पण तो आणि त्या, दोन्ही एकदम राहतील अशी सोय कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून त्यांना मी माझ्या हाताने या अर्जान्वये रद्द करते. ठिकाण सुरत खोडून थोरली विहीर, पळसखोरी असं लिहावं.

११. शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच आपण स्वतः यावं अशी माझी विनंती आहे. कागद पाठवून भागणार नाही.

काल रविवारी झुलाल माझ्या ओट्यापाशी आला. बस म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, “गाळ काढणार म्हणे.” मी म्हटलं, साहेबांनी हो म्हटलं तर. म्हणाला, “उतरणार कोण?” मी सांगितलं, स्नेहल उतरते म्हणते. आणखी पाच पोरं तयार आहेत. कॉलेजचा प्रकल्प संपला, मार्क पडले, हे त्यांचं त्यांच्या मनाने. तो काठीने जमीन उकरत राहिला. पन्नास वर्षांत आमचं एवढं बोलणं झालेलं नव्हतं. मग खालीच पाहत म्हणाला, “दोर मी धरू काय?”

तो उभा राहिला, मी बसून राहिले, आणि मग तो गेला.

स्नेहल म्हणते, आजी, आम्ही हेच तर शिकायला आलो होतो, त्याला धरू दे. तिचं वय एकवीस आहे. तिने तो दोर वर जाताना पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. झुलालचे हात आता थरथरतात, आणि खाली माझी नात असेल. त्याला नाही म्हणायला माझं तोंड उघडत नाही आणि होय म्हणायलाही उघडत नाही.

आपण दंडाधिकारी आहात. आपण त्या दिवशी काठावर उभे राहाल, कंदील आपल्यासमोर खाली जाईल आणि राहील, पोलीस असतील, आणि दुसरा एक दोर लिंबाला पक्का बांधलेला असेल, तर मी झुलालला होय म्हणेन. आपण येणार नसाल तर मी पोरीला उतरू देणार नाही, आणि सोमवारी मुरूम पडेल.

तारीख लवकर कळवावी.

आपल्या होकाराची वाट पाहत बसलेली,
(सही) द्रौपदाबाई सुकदेव सुरवाडे
मौजे पळसखोरी, ता. बोदवड
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत जोडलेले कागद :
१) माझ्या १९७५ च्या जबाबाची नक्कल.
२) सुरतेची पत्रं, नग अकरा, अस्सल. ही माझ्या सासूची आहेत, काम झाल्यावर परत मिळावीत.
३) चंदनबाई अभयकुमार यांचं स्वहस्ते लिहिलेलं निवेदन, एक पान.
४) झुलाल देवचंद पाटील यांच्या नावाचा कागद, एक पान. वर नाव घातलं आहे, खाली कोरा आहे. तो त्या दिवशी तिथेच त्याच्याकडून लिहून घ्यावा.